फ्लॅट डिझाइन : सुटसुटीत की नुसतंच सपाट? बोला नागपूरकर

बर्डीवाला :
मंडळी, २०२५ च्या जूनमध्ये ॲपलनं ते लिक्विड ग्लास, म्हणजे आरपार काचेसारखं दिसणारं स्क्रीनचं नवं रूप, दाखवलं तेव्हापासून आमच्या डिझाइनवाल्या ग्रुपांवर एकच टेप वाजून राहिली आहे, फ्लॅट मेलं, फ्लॅट मेलं. फ्लॅट म्हणजे ॲप-वेबसाइटचं सपाट डिझाइन, ना सावली, ना चमक, ना उठाव. मी या धंद्यात फ्लॅटच्याही आधीपासून आहे, म्हणजे बटणाला ग्रेडियंट मारा, वरून चमक टाका, खाली सावली सोडा, हे सगळं फोटोशॉपमध्ये हातानं केलेला माणूस. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुम्ही जोडे हाणा. फ्लॅटनं सजावट काढली ते बरंच केलं, पण सजावटीसोबत कुठं दाबायचं त्या खुणा पण काढल्या, आणि त्याचा ज्यांना त्रास होतो ते लोक आपल्या ग्रुपांत नसतातच.

नवीन पोरांसाठी थोडक्यात. २०१२ पर्यंतचा आयफोन आठवा. नोट्समध्ये पिवळा रेघांचा कागद, आयपॅडवर कॅलेंडरला चामडं आणि त्यावर शिवण, गेम सेंटरला हिरवं मखमली कापड, पुस्तकांना लाकडी फळी. याला स्क्यूमॉर्फिक म्हणायचे, म्हणजे खऱ्या वस्तूची नक्कल. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरचा प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल ॲपलमधून जाणार हे जाहीर झालं, इंटरफेसचं, म्हणजे स्क्रीनच्या रूपाचं, काम डिझाइनवाल्या जॉनी आइव्हकडे आलं आणि सप्टेंबर २०१३ ला आयफोनचं नवं सॉफ्टवेअर आयओएस ७ आलं, सगळं झाडून पुसून साफ. पण पहिला मान ॲपलचा नाही बरं, मायक्रोसॉफ्टचा. विंडोज फोन ७ मध्ये २०१० लाच सपाट टाइल्स, एकेक रंग, मोठाली अक्षरं होती. २०१४ ला गूगलची मटेरियल नावाची डिझाइन पद्धत आली आणि मग सगळी दुनिया सपाट.

नुसतं आवडते, नाही आवडत असं लिहू नका. काऊन ते सांगा.

खापरी_लाईन :
आवडतं. कारण मला ते बनवावं लागतं.

भाऊ, तुम्ही फोटोशॉपमध्ये चमक मारून मोकळे व्हायचे, मागे ते कापत कोण बसायचं? एका बटणाचे तुकडे, डावा कोपरा, उजवा कोपरा, मधला भाग ताणायला वेगळा, दाबल्यावर दिसायचा सेट वेगळा, आणि क्लायंटनं म्हटलं निळ्याचा हिरवा करा की पुन्हा पहिल्यापासून. त्यात २०१० ला आयफोन ४ चा रेटिना स्क्रीन आला, म्हणजे प्रत्येक चित्र दुप्पट साइझमध्ये पण ठेवा. ॲन्ड्रॉइडवाल्यांचे तर किती प्रकारचे स्क्रीन याला हिशेबच नाही. फ्लॅट आलं आणि रंग कोडच्या एका ओळीत बदलायला लागला, आयकॉन व्हेक्टर झाले, कितीही मोठे करा फुटत नाहीत, फाइलही हलकी. लोकांना वाटतं फ्लॅट ही फॅशन होती, अरे ती मजबुरी होती. इतक्या साइझच्या स्क्रीनवर लाकूड आणि चामडं पेलणारच नव्हतं. आणि डार्क मोडचं काय? रात्री पिवळा कागद काळा करून दाखवाल तर तो कागद राहतो का?

धरमपेठची_काकू :
मी डिझाइनमधली नाही, शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे, पण "ज्यांना त्रास होतो ते ग्रुपात नसतात" हे वाचलं आणि म्हटलं चला आपण लिहूयाच. एका बँकेचं ॲप आहे माझ्याकडे, नाव घेत नाही, आधी त्यात छान फुगीर बटणं होती, मग ते "नवीन रूपात" आलं. आता पांढऱ्या पानावर फिकट निळ्या अक्षरात "पुढे जा" लिहिलंय, चौकट नाही काही नाही, मला वाटलं ते शीर्षक आहे, मी आपली वाट बघतेय की पुढे कधी जाणार. नात म्हणाली आजी तिथे टच कर, मी म्हटलं तिथे तर काहीच नाही. आणि ते चालू-बंदचं गोळीसारखं बटण, डावीकडे राखाडी उजवीकडे फिकट हिरवं, आमच्यासारख्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना दोन्ही सारखेच. मी घाबरून एसएमएस अलर्टच बंद करून बसले होते म्हणे. मग मुलानं फोनवर ओरडून ओरडून चालू करून घेतलं.

तर्री_पोहा :
काकू जिंदाबाद. बाकी धागा बंद करा.

पिक्सेल_पोट्टी :
काकू तुमचा त्रास खरा आहे पण तो वाईट डिझाइनचा त्रास आहे, फ्लॅटचा नाही ना. फिकट निळं अक्षर फुगीर बटणावर असतं तरी दिसलं नसतं.

मी चित्रकलेची स्टुडंट आहे आणि मला हे "फ्लॅट हा ट्रेंड" वगैरे ऐकलं की राग येतो. जर्मनीतली डिझाइनची शाळा बाउहाउस १९१९ ची. स्विस लोकांनी पन्नाशीच्या दशकात ग्रिड, भरपूर मोकळी जागा आणि साधी अक्षरं घेऊन अख्खी शाळा उभी केली, म्युलर-ब्रॉकमनची कॉन्सर्टची पोस्टरं बघा, हेल्वेटिका फॉन्ट १९५७ चा. मायक्रोसॉफ्टनं जे केलं ते तिथूनच उचललेलं आहे, आणि एअरपोर्ट-रेल्वेच्या पाट्यांवरून. म्हणजे स्क्रीन जन्मायच्या आधीपासून फ्लॅट आहे. उलट काचेवर चामड्याची शिवण काढणं हीच लबाडी, हात लावला तर काच ती काचच. फ्लॅट करणं सोपं वाटतं लोकांना. करून बघा. सावली नसली की अंतर चुकलेलं लगेच दिसतं, अक्षर चुकलेलं लगेच दिसतं, लपायला जागाच नाही.

आणि एक, मी फ्लॉपी कधी हातात धरलेली नाही तरी सेव्हचं चित्र मला कळतं. खऱ्या वस्तूची नक्कल केली तरच समजतं असं काही नसतं.

महालकर :
पोट्टी, तू म्हणते ते सगळं बरोबर आहे पण ते पोस्टरचं आहे. पोस्टर दाबायचं नसते. वाचायचं आणि पुढं जायचं. स्विस लोकांचं पोस्टर कोणी उभं राहून टच नव्हतं करत.

माझे बाबा पेंटर होते, महालातल्या आणि इतवारीतल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, आता फ्लेक्सनं सगळ्या खाल्ल्या. मी लहानपणी त्याइच्या सोबत इनॅमलचे डबे धरायला जात होतो. आधी खडूच्या दोरीनं रेघ मारायची, मग अक्षर, आणि अक्षर वाळलं की शेड. ती शेड नेहमी एकाच बाजूनं, म्हणजे ऊन एका बाजूनं पडलं असं धरून सगळ्या अक्षरांची सावली खाली उजवीकडे, एक जरी अक्षर उलटं गेलं तर अख्खी पाटी नाचायला लागते. शिरोरेषेखालची शेड सगळ्यात अवघड, कारण तिथं काना, मात्रा, वेलांटी सगळं गर्दी करते आणि कुठची सावली कुठं पडेल ते डोक्यात पक्कं पायजे, पुसायला रॉकेलचा बोळा होता पण पुसलं की खालचा रंगही उखडायचा. मी विचारलं होतं की बाबा हे काऊन करता, नुसतं अक्षर वाचता येते ना. ते म्हणत, जवळून येते. रिक्षातून जाणाऱ्याले पिवळ्यावर लाल नुसतं लाल दिसते, काळी शेड दिली की अक्षर पाटीतून सुटते. ही सजावट नाही, हे अंतर आहे. वर जी मोतीबिंदूची गोष्ट काकूंनी सांगितली ती मला तीच वाटते, अक्षर पानातून सुटत नाही.

इतवारी_प्रिंट :
महालकर भाऊ, तुमच्या बाबांचा धंदा आम्हीच खाल्ला, माफी असावी, पण आता आमचाही व्हॉट्सॲपवरच्या फुकट पत्रिकेनं खाणं चालू आहे.

फ्लॅटचं विचाराल तर आमच्या दुकानात फ्लॅट चालतच नाही. मी एकदा हौसेनं लग्नपत्रिका केली, फिका रंग, एका कोपऱ्यात बारका गणपती, बाकी मोकळं. गिऱ्हाईक म्हणते भाऊ बाकीचं कधी छापसान? मी म्हटलं हेच आहे, हे मॉडर्न आहे. तो म्हणते मॉडर्न असू दे पण एवढ्या जागेचे पैसे घेऊन रिकामं काऊन सोडलं, इथं मामाचं नाव टाका. मामाचं टाकलं तर काकाचं राहिलं. शेवटी गणपती थ्रीडी, वरून गोल्ड फॉइल, पार खचाखच. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे श्रीमंती नाही, कंजूषी वाटते. तुमचं स्विस-बिस ठीक आहे पण मले पोट भरायचं आहे.

पुण्यात_अडकलेला :
मूळ नागपूरचा, नोकरीसाठी इकडे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो.

माझा फ्लॅटवरचा राग बटणांचा नाही, एकसारखेपणाचा आहे. गूगलनं सप्टेंबर २०१५ मध्ये लोगोतली अक्षरं साधी केली, मे २०१६ ला इन्स्टाग्रामनं त्यांचा तो जुना कॅमेरा काढून गुलाबी-जांभळ्यावर पांढरी रेघ ठेवली, आणि मग ज्याला त्याला तेच. इन्शुरन्सचं ॲप, डॉक्टरचं ॲप, किराण्याचं ॲप, सगळ्यात जांभळ्या कातडीची लांब हातांची माणसं, डोकं सुपारीएवढं, लॅपटॉप घेऊन उड्या मारतायत. फेसबुकनं २०१७ च्या सुमारास तसली चित्रं वापरली आणि मग साथच पसरली. त्या माणसांत एकही आपल्या गावातलं वाटत नाही. इतवारीवाले भाऊ, तुमची ती खचाखच पत्रिका निदान बघितल्याबरोबर सांगते की ही विदर्भातली आहे.

बर्डीवाला :
पुण्यात_अडकलेला, तुमचं खरं आहे पण तो वेगळा धागा होईल, चित्रांचा. इथं बटणांवर राहू.

खापरी_लाईन, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, चामडं परत आणा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतो दाबायची गोष्ट आणि वाचायची गोष्ट वेगळी दिसली पाहिजे. यावर अभ्यासही झालाय. वेबसाइट वापरायला किती सोप्या ते तपासणाऱ्या निल्सन नॉर्मन ग्रुपनं २०१७ मध्ये ७१ लोकांना नऊ वेबपानं दाखवून त्यांची नजर कुठं फिरते ते यंत्रानं मोजलं. त्याच पानाच्या दोन आवृत्त्या, एकीत बटणं-लिंका ठळक, दुसरीत पुसट. पुसटवाल्या पानावर लोकांना सरासरी २२ टक्के जास्त वेळ लागला. आणि तो जास्तीचा वेळ रमल्याचा नव्हता, शोधल्याचा होता.

खापरी_लाईन :
तो अभ्यास पूर्ण वाचा भाऊ, २२ टक्के सगळेच फेकतात. त्यांनीच पुढे म्हटलंय की पानावर गर्दी कमी असेल, मांडणी ओळखीची असेल आणि महत्त्वाचं बटण ठळक जागी असेल तर पुसट खुणांचा तोटा कमी होतो. म्हणजे फ्लॅट वाईट नाही, गर्दीच्या पानावर फ्लॅट वाईट. आणि आपल्याकडचे क्लायंट काय करतात, डिझाइन फ्लॅट मागतात आणि मजकूर लग्नपत्रिकेएवढा भरतात.

तर्री_पोहा :
"डिझाइन फ्लॅट आणि मजकूर लग्नपत्रिकेएवढा" हे मी फ्रेम करून ऑफिसात लावतो.

इलेक्शन_ड्युटी :
मी मास्तर आहे, दर निवडणुकीला ड्युटी लागतेच, म्हणून माझं एक निरीक्षण. तुमच्यापैकी कोणी मतदान यंत्राकडे डिझाइन म्हणून पाहिलं का कधी?

त्यावर उमेदवाराचं चिन्ह असतं ते एकदम फ्लॅट. काळ्या रेघेचं चित्र, ना सावली ना काही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून चिन्हं आहेत कारण तेव्हा बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि शिडी, पतंग, शिलाई मशीन, कपबशी, हे न शिकलेला माणूसही बरोबर ओळखतो. म्हणजे पोट्टी म्हणते तसं, ओळखायला फुगीर लागतच नाही. पण चिन्हाच्या समोरचं निळं बटण पाहा. ते मात्र खरंखुरं वर आलेलं, बोटाला लागतं, दाबलं की आत जातं, बाजूला लाल दिवा लागतो आणि आमच्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटमधून लांब बीप येतो, आता तर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. अंध मतदारासाठी ब्रेलमध्ये आकडेही असतात. रामटेककडच्या एका बूथवर एक म्हातारी आजी होती, आत गेली आणि बाहेर येईना, मी बीपची वाट पाहून राहिलो, आणि ती काय करत होती तर चिन्हावरच बोट दाबत होती. मी जागेवरूनच सांगितलं की आजी चित्रावर नाही, बाजूला निळं आहे ते दाबा. बीप आला, आजी हसत बाहेर. चित्र इतकं बरोबर ओळखलं की त्यालाच दाबलं, आणि बटण सांगितल्यावर क्षणात सापडलं, कारण ते दुसऱ्या कशासारखं दिसतच नव्हतं.

ओळखायचं ते सपाट आणि दाबायचं ते उठावदार, यंत्रात दोन्ही आहे. तुमच्या ॲपवाल्यांनी दोन्ही सपाट करून ठेवलं.

पिक्सेल_पोट्टी :
सर हे भारी आहे. मी माझ्या असाइनमेंटमध्ये टाकू का?

इलेक्शन_ड्युटी :
टाक की. फक्त माझं नाव नको, पुढची ड्युटी गडचिरोलीला लागायची.

महालकर :
पोट्टी तुले एक विचारतो, राग नको मानू. बाबांची शेड ही तुझ्या हिशेबानं सजावट आहे का खूण?

पिक्सेल_पोट्टी :
खूण, पण तुम्ही जी कारणं दिली त्यात शेडचं खरं काम कॉन्ट्रास्टचं आहे दादा. पिवळ्यावर लाल आणि मध्ये काळी कड. ते काम सपाट काळ्या आउटलाइननंही झालं असतं. उंचीचा आभास हा वरचा बोनस. म्हणून मी म्हणते फ्लॅटमध्येही खूण देता येते, रंगानं, चौकटीनं, जागेनं. सावलीच हवी असं नाही.

महालकर :
बाबांना विचारता आलं असतं तर ते म्हणाले असते की आउटलाइन मारणारा शिकाऊ आणि शेड मारणारा पेंटर. पण तुझा मुद्दा कळला. आउटलाइनची पाटी स्वस्तात जायची आणि वाचायला बरी असायची हेही खरं.

बर्डीवाला :
आता मला जे खरं बोलायचं होतं ते बोलतो, मराठीचं. कारण वरचे सगळे वाद इंग्रजीतही होऊन गेलेत.

फ्लॅटमध्ये सावली गेली, चौकट गेली, मग बटण हे बटण आहे हे सांगायचं काम कुणाकडे आलं? अक्षराकडे. इंग्रजीत त्यासाठी हत्यार होतं. गूगलच्या मटेरियलमध्ये बरीच वर्षं बटणावरची अक्षरं सगळी कॅपिटल असायची, २०२१ च्या नव्या आवृत्तीत ते सोडलं. चौकट नसली तरी ओळभर कॅपिटल दिसलं की इंग्रजीवाल्याला कळायचं हे वाक्य नाही, बटण आहे. आता तेच ॲप मराठीत करा. आपल्याकडे कॅपिटल आहेत का? नाहीत. दुसरं हत्यार म्हणजे अक्षरांमध्ये अंतर सोडणं, ते मराठीत केलं की शिरोरेषा तुटते, दात पडल्यासारखी. तिसरं बारीक वजनाचा फॉन्ट. आयओएस ७ च्या चाचणीच्या आवृत्त्यांत इंग्रजी अक्षरसुद्धा इतकं बारीक होतं की रिलीजच्या आधी जाड करावं लागलं, देवनागरीत तर बारीक केलं की अनुस्वार आणि रफार धुळीसारखे. म्हणजे फ्लॅटनं सगळा भार टायपोग्राफीवर टाकला आणि टायपोग्राफीची तीनही हत्यारं आपल्या लिपीला लागू नाहीत. मराठीत चौकट काढली की बटण खलास, मागे नुसता शब्द उरतो. काकूंचं "पुढे जा" तेच आहे, इंग्रजीत ते कॅपिटलमध्ये असणार आणि कुणाला तरी वाटलं असणार की भाषा बदलली की काम झालं.

वर आणखी एक. बटणाची उंची इंग्रजी अक्षरावरून ठरवलेली असते, त्यात "पुष्टी करा" बसवा, वरून वेलांटी कापली जाते, खालून उकार. मी कळमन्यातल्या एका अडत्यांचं ऑर्डरचं ॲप करून राहिलो सध्या, उमरेड-काटोलकडचे किराणावाले ते वापरतील, त्यात प्रत्येक बटणाला चौकट आणि भरीव रंग ठेवलाय, उंची वाढवली, आणि फॉन्ट मुक्ता, मध्यम वजनात. सावली एकही नाही. बघायला एकदम फ्लॅट, पण दाबायचं कुठं ते दुरून कळतं.

खापरी_लाईन :
हे कॅपिटलचं मी इतकी वर्षं कोड लिहितोय, कधी डोक्यातच नव्हतं आलं. आमच्याकडे भाषांतराची फाइल येते, आम्ही ती जोडतो आणि स्क्रीन बघून "आलं मराठी" म्हणतो. उंचीचं मात्र माहीत आहे, टेस्टरनं चार वेळा बग टाकला की आम्ही अक्षर बारीक करतो, म्हणजे रोगापेक्षा इलाज भारी.

आणि मटेरियलवाल्यांच्या बाजूनं एक. फॉर्मच्या रकान्याला सुरुवातीला त्यांनी नुसती खालून रेघ दिली होती. लोकांवर तपासून पाहिलं आणि मग पूर्ण चौकटीचा रकाना आणला. म्हणजे त्यांनाही कळलंच.

उन्हातला_डिलिव्हरीवाला :
लय मोठ्या गोष्टी चालू आहेत पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडीवर बसून ॲप पाहा म्हणतो मी. मी दिवसभर रस्त्यावर असतो, धंतोली ते मनीषनगर. स्क्रीनवर राखाडी अक्षर असलं ना की काहीच दिसत नाही, हेल्मेट काढून हाताची सावली धरून वाचावं लागते. आणि फोन गरम झाला की तो स्वतःच ब्राइटनेस कमी करते, म्हणजे जेव्हा पायजे तेव्हाच अंधार. "डिलिव्हर झालं" आणि "ग्राहक नाही" ही दोन बटणं शेजारी शेजारी, दोन्ही सारखीच पांढरी. एक चुकीचं दाबलं तर माझे पैसे कापणार. कंपनीचं नाव नाही सांगत.

बर्डीवाला :
भाऊ तुम्ही लिहिलं ते बरं झालं. त्यामागचं कारण असं की उन्हाचा उजेड काचेवरून परत येतो आणि तो गडद रंगातही मिसळतो आणि फिक्यातही, त्यामुळे दोघांतला फरक बुजतो. घरात जे जेमतेम वाचता येतं ते रस्त्यावर गायबच होणार. वेबच्या नियमांत साध्या मजकुराला निदान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, सांगितलाय, मोठ्या अक्षरांना ३ : १, २०१८ पासून बटणाच्या कडेलाही ३ : १. आणि आपण फॅशनमध्ये पांढऱ्यावर जो फिका राखाडी टाकतो तो बरेचदा २.८ च्या आसपास असतो. एसीत बसून पास, व्हेरायटी चौकात नापास.

पुण्यात_अडकलेला :
मग लिक्विड ग्लासबद्दल काय म्हणता? ते तर आरपार काच आहे, मागे काय आहे त्यावर अक्षर वाचता येणार की नाही ते ठरणार.

खापरी_लाईन :
तेच झालं ना. चाचणीच्या काळातच लोक ओरडले, ॲपलनं पारदर्शकपणा मागेपुढे केला, आणि आयओएस २६.१ मध्ये काच कमी आरपार करायचा पर्याय सेटिंगमध्ये द्यावा लागला. विंडोज विस्टाची काच २००७ ला पाहिलेल्यांना यात नवीन काही नाही. लंबक आहे तो, तिकडे गेला की इकडे येतो, आपण मध्ये कोड बदलत बसायचं.

पिक्सेल_पोट्टी :
फ्लॅटच्या बाजूची म्हणून सांगते, मला लिक्विड ग्लास दिसायला आवडलं 🙈 पण वाचायला नाही.

धरमपेठची_काकू :
मी सगळं वाचलं. अर्धं कळलं. माझ्या फोनमध्ये आत्ता काही करता येईल का ते सांगा, तुमचा लंबक परत येईपर्यंत मी थांबू शकत नाही.

खापरी_लाईन :
काकू, फोन आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, त्यात "बटन शेप्स" चालू करा. आयओएस ७ वर लोक वैतागले म्हणून २०१४ च्या मार्चमध्ये ७.१ मध्ये आलेली सोय आहे ही. तिथेच "ऑन/ऑफ लेबल्स" आहे, त्यानं चालू-बंदच्या गोळीवर उभी रेघ आणि गोल येतो, रंगावर अवलंबून राहायला नको. ॲन्ड्रॉइड असेल तर ॲक्सेसिबिलिटीत "हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्ट" किंवा तसाच पर्याय शोधा. पण एक अडचण, बँकेनं ॲपमध्ये स्वतःची बटणं बनवली असतील तर त्यांना हे लागू होईलच असं नाही.

धरमपेठची_काकू :
आयफोनच आहे, मुलानं दिलाय. केलं. फोनच्या सेटिंगमध्ये खाली रेघा आल्या, गोळीवर रेघ पण आली, छान. बँकेच्या ॲपमध्ये काही नाही, जसंच्या तसं. उद्या शाखेत जाऊन मॅनेजरलाच दाखवते, तो माझा विद्यार्थी होता.

तर्री_पोहा :
मॅनेजर गेला.

इतवारी_प्रिंट :
बर्डीवाले भाऊ, एक कामाचा प्रश्न. आपल्या गावात जो तो संत्रा रंग मागते, दुकान कशाचंही असो. त्यावर पांढरं अक्षर टाकू का काळं? गिऱ्हाईक पांढरंच म्हणते.

बर्डीवाला :
मोजून सांगतो. वेबवरचा जो नेहमीचा गडद ऑरेंज आहे त्यावर पांढरं अक्षर टाकलं तर २.३ : १ येते, म्हणजे सरळ नापास. काळं टाकलं तर ९ : १. पांढरंच पाहिजे म्हणाले तर संत्रा रंग पार विटकरीकडे न्यावा लागेल, मग ते म्हणतील हा आमचा संत्रा नाही.

पिक्सेल_पोट्टी :
संत्र्यावर काळं म्हणजे रस्त्याचं काम चालू आहे असा बोर्ड दिसतो.

इतवारी_प्रिंट :
तो बोर्ड सगळ्याइले दिसते ना पण.

महालकर :
पांढरं अक्षर आणि त्याले काळी शेड. पैसे जास्त लागतील.